नात्याचा रकाना

प्रिय अहो,

हे शेवटचं ‘अहो’. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कुठल्या शब्दाने तुला हाक मारायची जिभेला सवयच नव्हती, म्हणून पत्राच्या तोंडी तेवढं राहू दिलंय. घटस्फोटातून काय मिळालं, असं लोक मला विचारतात. मी सांगते, ‘तू’ मिळालं. अरे-तुरे करायचा हक्क. तो आज पहिल्यांदा वापरतेय आणि पोटभर वापरणार आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून खुशीत आला असशील तर लगेच भानावर ये. मी तुला माफ केलेलं नाही, मी आजारी नाही, आणि तुझी आठवण येऊन लिहायला बसलेली तर मुळीच नाही.

स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून लिहितेय. टेबल अजून घेतलेलं नाही. घराचं वर्णन तुझ्या ताईने तुला केलं असेलच. वन्सं दारात उभ्या राहूनसुद्धा कपाटाच्या आतलं बघून जातात. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गॅरेजच्या पत्र्यांवर उघडते. दिवसभर कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत असतं. भिंतींना नवा रंग आहे आणि त्याखाली जुनी ओल आहे, ती वर्षभरात तोंड वर काढणार हे मला आत्ताच दिसतंय. पण दार माझ्या किल्लीने उघडतं. आजवर ज्या दारांतून मी आत-बाहेर केलं ती बापाची होती, तुझी होती, भावाची होती.

ज्या दिवशी आपण या घरासाठी अर्ज भरला तो दिवस तुला आठवेल, कारण त्या दिवशी तू बोलला होतास, आणि स्वतःचं बोलणं तू कधी विसरत नाहीस. नगरपालिकेच्या स्वस्त घरांची ती रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. दोन खिडक्या होत्या. एकीवर लिहिलं होतं ‘स्थानिक’, दुसरीवर ‘इतर’. ज्याचा जन्म इथला, किंवा जो सलग दहा वर्षं इथे राहिला, तो पहिल्या खिडकीवर. घरं आधी पहिल्या यादीला, त्यातून उरली तर दुसरीला. आणि उरत कधीच नाहीत हे रांगेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तू या गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, “जन्माला यायला काय अक्कल लागते? आईच्या पोटातून पत्ता वाचून आली होतीस का?” चार जण हसले. तुला चार जण हसले की पुरत असे. मग खिडकीतल्या माणसाने सांगितलं की बाई इथल्या आहेत ना, मग अर्जदार बाईंना करा, तुमचं नाव त्यांच्याखाली घालू. तेव्हा तू पेन माझ्या हातात ठेवलंस, ते अशा थाटात, की हे गाव मला तूच बक्षीस दिलंय.

मला राग आला नव्हता. मला बरं वाटलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. माझा बाप या गावाच्या पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह फिरवायचा. पाणी आलं तर त्याला कुणी ओळखत नसे, नाही आलं तर त्याच्या नावाने शंख व्हायचा. (आणि त्याने गावभर सोडलेल्या त्याच पाण्यात किडे आहेत असं सांगत तू दारोदार फिल्टर विकायचास. जावई शोभलास.) मी शिकलेली बेताची, दिसायला बेताची, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणारी. तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे, अशी एकच गोष्ट होती, मी इथली होते. त्या दिवशी खिडकीवर तिला पहिल्यांदा कुणी किंमत दिली. घरी येताना मी रस्त्यातल्या लोकांकडे बघत होते, हा पहिल्या यादीतला, ही दुसऱ्या. मजा वाटत होती. वाटली म्हणजे वाटली.

पुढे यादी गोगलगाईसारखी सरकत राहिली आणि आपला संसार तिच्यापेक्षा भरभर संपला. मध्ये जे झालं ते झालं. सातव्या महिन्यात. तू त्या आठवड्यात दौऱ्यावर होतास, परत आलास आणि म्हणालास, “चहा टाक.” त्यानंतर तुझे दौरे लांबत गेले. त्या विषयावर तू कधी एक अक्षर काढलं नाहीस, आणि मी वाट बघत राहिले की आज काढशील, उद्या काढशील. शेवटी कागद झाले, मी भावाकडे गेले आणि भाड्याची खोली तुझ्याकडे राहिली. भावाने मला मागच्या बाजूची बंद केलेली गॅलरी दिली. वहिनी वाईट नाही. पण पुतण्या मोठा होत चालला तशी ती माझ्या पलंगाशेजारी उभी राहून टेपाने भिंत मोजायला लागली. “सहज बघतेय हो, त्याचं टेबल मावेल का ते.” मावत होतं. मीच मावत नव्हते.

तू दुसरं लग्न केलंस तेही मला वन्संकडूनच कळलं. दौऱ्यावरच्या कुठल्या गावातली मुलगी, तुझ्याहून बरीच लहान. एकदा ती आमच्या दुकानात आली, चष्म्याची दांडी ढिली झाली म्हणून. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मी मागच्या खोलीतून बघितलं, कडेवर पोर, खांद्याला पिशवी, गोंधळलेला चेहरा. गल्लीचं नावसुद्धा चुकीचं सांगत होती. मनात आलं, बाहेरची आहे, दिसतंच आहे. स्क्रू घट्ट करून दिला, पैसे घेतले नाहीत आणि हसलेही नाही. ती गेल्यावर मालक म्हणाले, “गिऱ्हाइकाशी असं वागतात का?” मी म्हटलं, “हे गिऱ्हाईक माझं आहे.” त्यांना वाटलं मी विनोद केला.

आणि मग आपला नंबर आला. म्हणजे माझा. पत्र जुन्या पत्त्यावर, तुझ्या खोलीवर गेलं आणि तू ते दाबून ठेवलंस. आधी तू पाहिलंस की बाईला वगळून घर मिळतं का. नाही मिळत, कारण स्थानिक ती, अर्जदार ती. तू अजून त्यांच्या लेखी बाहेरचाच. इतकी वर्षं झाली तरी, कारण मध्ये दोनदा नोकरीसाठी दुसरीकडे पत्ता बदललास आणि सलग दहा वर्षं भरेनात. तेव्हा कुठे तुला मी आठवले. तू स्वतः आला नाहीस. ताईला पाठवलंस. वन्सं दुकानाच्या काउंटरवर कोपरं टेकून म्हणाल्या, “दोन तासांचं काम आहे गं. नगरपालिकेची बाई तपासणीला येणार, नवरा-बायको एकत्र राहतात का बघायला. घटस्फोटाचं त्यांना कुणी कळवलेलंच नाही. तू फक्त ये, दोन कपडे दोरीवर टाक, चपला दारात काढ, चहा कर. तुझं नाव कागदावर राहीलच, पुढचं पुढे बघू.” पुढचं पुढे बघू! हे तुझं वाक्य आहे, वन्संचं नाही. आपलं लग्नही तू याच वाक्यावर चालवलंस.

मी आले. का आले विचारशील तर वहिनीच्या टेपामुळे आले, आणि थोडी त्या खोलीत आता काय आहे ते बघायला आले. तू दार उघडलंस, केसांना कलप, अंगात इस्त्रीचा शर्ट. तुझी बायको आणि पोर कुठे आहेत विचारलं तर म्हणालास, “बाहेर पाठवलंय, बागेत बसतील.” त्यांच्या वस्तू तू बाजेखाली कोंबल्या होत्यास. माझ्या हाताला माझं जुनं पातेलं लागलं, त्याच्या बुडाला दुसऱ्याच कुणाची तरी करपट होती. तेही मी घासलं आणि चहा ठेवला.

ती तपासणीची बाई तुला कदाचित आठवणारही नाही. मला आठवते. गुडघे दुखत होते बिचारीचे, जिना चढून धापा टाकत आली, खुर्चीत बसली आणि पाणी मागितलं. संशय घ्यायची तिला ताकदच नव्हती. किती वर्षं झाली लग्नाला, कोण काय कमावतं, असलं विचारत होती. मग सहज म्हणाली, “मुलंबाळं?” मला वाटलं तू नुसतं ‘नाही’ म्हणशील. तेवढ्यावर भागलं असतं. पण तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मान खाली घातलीस. आणि म्हणालास, “एक होणार होतं, बाई. सातव्या महिन्यात गेलं. मुलगा होता. तेव्हापासून ही अशी गप्प गप्प असते. मूल नाही आम्हाला.”

इतकी वर्षं. किती वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघितली होती, तुला ठाऊक आहे का? मुलगा होता हे तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तुला ते माहीत आहे याचीसुद्धा मला खात्री नव्हती. आणि तू ते काढलंस कधी, तर एका अनोळखी बाईपुढे, दोन खोल्यांसाठी, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझा हात दाबला. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसा तू दौऱ्यावरून आल्यावर पावतीपुस्तक आपटून बघायचास. जमलं म्हणून.

ती गेली. मीही लगेच निघाले, तू मागून काहीतरी म्हणत होतास. आणि जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या मीटरांच्या लोखंडी पेटीला पाठ लावून, तुझी बायको उभी होती. पोरीला शू आली होती म्हणून बागेतून परत आली होती. दारापर्यंत आली, आत बाई बसलीय असं दिसलं, म्हणून खाली येऊन थांबली. दार उघडंच होतं. तुझा आवाज तर तुला ठाऊकच आहे, तो बंद दारातूनही जातो. पोरीने आवाज ओळखला आणि “बाबा” म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तशी हिने तिच्या तोंडावर हात दाबला. पोरीने तो हात कडकडून चावला. मी खाली आले तेव्हा हात तसाच होता, दातांचे वळ उमटलेले, आणि पोरगी ओल्या चड्डीत उभी होती. तपासणीची बाई त्यांच्यासमोरूनच खाली गेली होती. तिने पोरीच्या गालाला हात लावून विचारलं होतं, “कुणाची गं तू?”

मला तुझ्या बायकोची कणव आली असं समजू नकोस. मला तिचा संतापच आला. म्हटलं, “अशी उभी काय राहिलीस? आत जाऊन त्याच्या थोबाडीत का नाही दिलीस?” ती म्हणाली, “तुम्ही का नाही दिलीत?” आम्ही तिघी खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर पोरीला धुतलं, माझी ओढणी गुंडाळली आणि बसथांब्याच्या बाकावर बसलो. बऱ्याच बस गेल्या. मग पोरीने मला विचारलं, “तू कोण?” तिची आई म्हणाली, “मावशी.” सवतीच्या पोरीची मावशी! मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, त्यामुळे आवाज जरा विचित्रच निघाला आणि पोरगी घाबरली.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत गेले आणि सगळं खरं सांगून टाकलं. घटस्फोट झालाय, काल जे दाखवलं ते नाटक होतं. कारकून आधी चिडला, मग त्याने त्या तपासणीच्या बाईला बोलावलं. ती लंगडत आली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काल मी घरी जाऊन तुमच्यासाठी रडले.” यापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत मला बाहेर बसवून ठेवलं. मग कारकुनाने फाइल उघडली आणि सांगितलं की अर्जदार तुम्ही, जन्म इथला, अर्ज तुमचाच राहतो. नवऱ्याचं नाव काढून टाकू. पण एकटीला दोन खोल्या मिळत नाहीत. एकट्या माणसांची यादी वेगळी, तिथे तुम्ही शेवटी जाल. तुमच्याबरोबर राहणारं कुणी आहे का? लहान मूल असेल तर उत्तमच. मी विचारलं, “तेही इथलेच लागतात का?” तो म्हणाला, “नाही. स्थानिकपणा अर्जदाराचा बघतो आम्ही. बाकीचे कुठलेही चालतील, फक्त खरोखर राहिले पाहिजेत. वर्षभर केव्हाही येऊन बघू.”

दुकानात भिंगं घासताना दोन दिवस मी याच एका गोष्टीचा विचार केला आणि मग तू कामावर असताना तुझ्या खोलीवर गेले. तिला सरळ सांगितलं. तू माझी कुणी नाहीस, मला तू आवडत नाहीस, पण तुझ्याशिवाय मला घर मिळत नाही आणि माझ्याशिवाय तुला या गावात कुणी खिडकीवरसुद्धा उभं करणार नाही. ती म्हणाली, “मला पण तुम्ही आवडत नाही. तुमचं नाव घेऊन घेऊन ते मला स्वयंपाक शिकवतात.” असं आमचं जमलं. आठवड्याने ती माझ्याबरोबर कचेरीत आली. कारकुनाने अर्जावर बोट ठेवलं, “नातं?” ती पटकन म्हणाली, “बहीण लिहा.” मी म्हटलं, आता एकही खोटं नको. सवत लिहिता येतं का विचारलं, तर कारकुनाने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. शेवटी त्यानेच शब्द दिला. ‘सोबत राहणारी.’ आणि पोरीपुढे, ‘सोबत राहणारीची मुलगी.’ तू दोन आठवड्यांच्या दौऱ्यावर गेलास तेव्हा किल्ली मिळाली. तुझ्या खोलीतून आम्ही तिचे कपडे, पोरीची गादी आणि माझं पातेलं, एवढंच आणलं. कुलूप लावून किल्ली वन्संकडे दिली. म्हणजे तुला कळायला वेळ लागणार नाही याची सोय केली.

इथे गोडीगुलाबीने राहतो असा समज करून घेऊ नकोस. ती नळ चालू ठेवून विचार करत बसते. रेडिओवर कुणीही रडलं की हीही रडते. दिवे मालवायचे असतात हे तिच्या गावात कुणी सांगितलंच नसावं. माझ्या बोलण्याला धार आहे असं तिचं म्हणणं, आणि मी पातेली आपटते असंही. पहिल्या महिन्यात आम्ही पोरीमार्फत बोलायचो. “आईला सांग, साबण संपलाय.” “मावशीला सांग, दिसतंय मला.” पोरीला तो खेळच वाटला, ती निरोपात स्वतःचंही घुसडायला लागली. “मावशी, आई म्हणते भिंगरीला बिस्कीट दे.” तिला भिंगरी म्हणतात हे तरी तुला ठाऊक आहे ना? एका जागी ठरत नाही म्हणून. दुकानातून मी तिला एक टाकाऊ भिंग आणून दिलंय. त्यातून ती मुंग्या बघते, तिच्या आईच्या हातावरची लव बघते, आणि माझा डोळा बघून ‘ई’ करते.

तपासणीची बाई दोनदा येऊन गेली. गुडघे धरून तिसऱ्या मजल्यावर चढते, प्रत्येक वेळी कपाट उघडून बघते, दोरीवरचे कपडे मोजते. मला क्षमा केलेली नाही, पण भिंगरीच्या गालाला हात लावून जाते. समोरच्या दारातल्या आजीबाईंनी मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, “ती तुमच्याकडची मुलगी आपल्यातली वाटत नाही हो. इथल्या लोकांना घरं मिळत नाहीत आणि बाहेरचे शिरतात.” हेच वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलं असेन, रांगेत, दुकानात, वहिनीपुढे. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून निघालं, “आजी, ती माझी आहे. तुम्ही तुमच्या दारातला कचरा उचला.” आत आले तर ती भांडी घासत होती. ऐकलं असणार. त्या दिवशी तिने नळ बंद केला होता.

आता तुझ्याकडे वळते. दौऱ्यावरून येऊन रिकामी खोली बघितलीस, महिनाभर आरडाओरडा केलास, ताईला पाठवलंस, दुकानाबाहेर उभा राहिलास. ते सगळं मला चाललं. मग तू पद्धत बदललीस आणि पत्रं लिहायला लागलास. तिला. पहिली तीन तिने मला वाचायला दिली, ती काही लपवत नाही. छान लिहितोस, ते पूर्वीपासूनच. फिल्टर सोडले, गोदामात कायमची नोकरी धरली, गावाच्या पलीकडच्या टोकाला, गोदामांजवळ खोली घेतली, खोलीला खिडकी आहे, भिंगरीसाठी झोपाळा टांगलाय. आणि दर पत्रात एक परिच्छेद माझ्यावर. ‘त्या बाईला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. तिला घर टिकवायचंय म्हणून तिने तुम्हाला ठेवलंय. तुम्ही गेलात तर तिला बाहेर काढतील, एवढंच तिचं प्रेम.’ वाचून मी तिला पत्र परत दिलं आणि म्हटलं, “यात खोटं काहीच नाही.” ती म्हणाली, “मला माहितेय.” चौथं पत्र तिने मला दाखवलं नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. मी काढून वाचलेलं नाही. डबा मात्र दिवसातून दहादा पुसते.

हे पत्र मी लिहितेय ते तिला ठाऊक नाही. आणि लिहितेय ते एवढ्याचसाठी, तिला बोलावू नकोस. तुझ्या त्या नोकरीत, खोलीत, झोपाळ्यात खरं किती आणि बनवलेलं किती हे तुलाच ठाऊक. सगळं खोटं असेल अशी मला भीती नाही, खोटं तिला आता ओळखता येतं. सगळं खरं असेल अशी भीती वाटते. भिंगरीला भेटायचं तर ये. खाली आवारात बाक आहे, रविवारी बस तिच्याबरोबर, मी वरून डोकावणारही नाही. पण त्यांना नेऊ नकोस. त्या गेल्या तर कारकून मला एकट्यांच्या यादीत शेवटी टाकेल आणि वहिनीच्या गॅलरीत आता टेबल लागलंय. घरासाठी म्हणतेय, यातून दुसरा काही अर्थ काढू नकोस. कधी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं, दवाखान्यातून घरी आले त्या दिवशीही नाही. हे मागतेय. काल संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने मला विचारलं, “ताई, गोदामांकडे कुठली बस जाते हो?” मला ‘ताई’ म्हणाली, पहिल्यांदाच. मी या गावात जन्मले, इथली प्रत्येक बस मला पाठ आहे. मी तिला चुकीचा नंबर सांगितला. उद्या ती दुसऱ्या कुणाला तरी विचारेल.

‘तुझीच’ लिहायची सवय मोडलेली,
भिंगरीची मावशी